अक्काने सुचवलेला कोच

३ जून

चि. छबूस,

आशीर्वाद. तुझं मागचं पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवते आहे. 'निवृत्ती' हा शब्द तू तीन ठिकाणी तीन प्रकारांनी लिहिला आहेस. इतका लाडका शब्द, तो तरी नीट लिही. मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडली तरी लाल पेन सुटत नाही, त्याला मी काय करू?

फोन कर म्हणतेस, पण फोनवर मला ऐकू येत नाही. तू ओरडतेस, आणि तुझ्या पोटातलं सगळं माझ्या शेजारणीला कळतं, मला सोडून. तेव्हा पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात पहिली दोन पानं गुडघे, पुढचं पान कार्यालयातला पंखा, आणि सगळ्यात शेवटी ता. क. करून काय, तर 'बाजार विभागाच्या निरीक्षकाची जागा रिकामी झाली आहे.' अगं, बातमी ती होती! तुमच्या वजनमापे खात्याची निरीक्षकाची परीक्षा तू केव्हाच पास होऊन बसली आहेस. तरी अजून वरिष्ठ लिपिक. व्यापाऱ्यांच्या काट्यांचे दाखले टाइप करायचे, आणि काटे तपासायला दुसऱ्याने जायचं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येईल, मग रडत बसशील, आणि ते रडणंही मलाच तपासावं लागेल.

तुमच्या गावात एक करिअर कोच आहे. म्हणजे नोकरीतल्या माणसाला पुढे कसं जायचं ते शिकवणारा. त्याचा नंबर खाली लिहिला आहे. पहिल्या भेटी फुकट आहेत. माझं नाव सांगायची गरज नाही. तुझी मावसबहीण म्हणून सांगते, जाऊन ये.

तुझी,
अक्का

१९ जून

ती. अक्कास,

नमस्कार. लाल शाई पोचली, तिच्याखालचं पत्रही पोचलं.

गेले बाई तुझ्या कोचाकडे. शिंप्याच्या दुकानावर एक खोली आहे. खाली मशीन चालू झालं की वर टेबल थरथरतं. कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, त्याला हा माणूस पाणी घालत नाही एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल. भिंतीवर पांढरा फळा आणि त्यावर डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र. डोंगराला शिडी लावली आहे. शिडीच होती तर माणसाला घाम कसला आलाय, ते विचारायचं राहिलं.

कोच तिशीतला, गोरटेला. हसतो. दार उघडताना हसला, पाणी देताना हसला. मी सरकारी नोकरीत आहे म्हटल्यावर मात्र जरा कमी हसला.

म्हणाला, "मॅम, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

म्हटलं, "घरी. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकातच आहे, बघायची गरज नाही."

"तुमची बलस्थानं कोणती?"

"मला वरचे काही बोलले तर ऐकू येत नाही, आणि मी काही बोलले तर त्यांना. त्यामुळे भांडण होत नाही."

"आणि उणिवा?"

"त्या गोपनीय अहवालात लिहितात. गोपनीय असल्यामुळे मला माहीत नाहीत."

मग म्हणाला, तुम्ही तुमच्या सुखाच्या कोशातून बाहेर यायला हवं. मी त्याला माझा कोश सांगितला. खुर्चीचे तीन पाय धड आहेत, चौथ्याखाली वीट आहे. डोक्यावर पंखा आहे, तो फिरतो तेव्हा कागद उडतात आणि थांबतो तेव्हा माणसं. शेजारच्या टेबलावर टायवाला, म्हणजे आमच्या साहेबांचा भाचा, उन्हाळ्यातही गळ्याला टाय बांधून येतो. निरीक्षकाची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली आहे हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यातून बाहेर यायला कोच कशाला हवा, दार पुरेल.

अक्का, हा माणूस पुस्तकातलं बोलतो आणि पान उलटायला थांबतो. तुला कुणी गळ्यात मारला?

तुझी,
छबू

ता. क. आमचे हे म्हणतात, फुकट आहे तर जा, तेवढाच घरात शांतपणा.

२८ जून

चि. छबूस,

आशीर्वाद. तुला थट्टा सुचते. एक माणूस चांगली नोकरी सोडून, लोकांचं भलं व्हावं म्हणून स्वतःचं काहीतरी काढतो, आणि तू त्याच्या झाडावर घसरतेस! नवीन माणूस आहे, शिकेल. माझ्या शाळेत नव्या मास्तरांना मी पहिलं वर्ष कधी काही बोलले नाही. (दुसऱ्या वर्षी बोलले.)

तो गोरटेला नाही, उजळ आहे. म्हणजे असेल, तुझ्या लिहिण्यावरून वाटलं.

पुन्हा जा. आणि ह्या वेळी नीट बघून कळव: वाळल्यासारखा दिसतो का? शर्टाला इस्त्री असते का? दुसरी गिऱ्हाइकं येतात का? दुपारचं जेवण कुठे करतो? हे सगळं तुझ्यासाठीच विचारते. माणूस नीटनेटका असला तरच सल्ला घ्यावा.

'ठाऊक'मधला 'ऊ' दीर्घ, हे बरोबर लिहिलंस. शाबास.

अक्का

२५ जुलै

ती. अक्कास,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. झालंच तसं काही.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं. वाळला आहे. शर्टाला इस्त्री असते, पण पुढूनच; पाठ चुरगळलेली. माझ्याशिवाय एकच गिऱ्हाईक येतं, ते चुकून. शिंप्याकडे माप द्यायला आलेला माणूस जिना चढून येतो आणि हात वर करून उभा राहतो. डब्यातलं जेवण खोलीतच, दार लावून. तू त्याच्या शर्टाची इतकी चौकशी का करतेस गं? लग्न जमवायचंय का? झालंय त्याचं.

मागच्या भेटीत म्हणाला, "मॅम, आपण सराव करू. मी साहेब होतो, तुम्ही माझ्याकडे बढती मागा." आणि खुर्चीत बसून माझ्याकडे बघून गोड हसला. मी म्हटलं, "उठा. साहेब असे नसतात. तुम्ही मी व्हा, मी साहेब होते."

मग मी बसले. तो आत आला तरी वर बघितलं नाही. फोन घेतला, तो ठेवला, दुसरा घेतला. त्याला बस म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "हं? तुमचं काय?"

तो म्हणाला, "सर, मला संधी हवी आहे."

"संधी काय इथे पोत्यात भरून ठेवली आहे? आधी कुठे होता?"

"सर, कारखान्यात. यंत्रं बघत होतो."

"मग ती नोकरी का सोडलीत?"

अक्का, मी आपली साहेबांसारखी गुरगुरत होते, नाटक म्हणून. पण हा उभाच राहिला. तोंडावरचं हसू गेलं. पहिल्यांदाच त्याचा खरा चेहरा दिसला, बरा आहे. मग खाली बसला, जमिनीवरच, आणि मला एक गोष्ट सांगितली. ती त्याच्या घरी माहीत नाही म्हणून मी लिहीत नाही.

पण सासूबद्दल जे बोलला ते लिहायला हरकत नाही, ते गुपित नव्हतं, गाऱ्हाणं होतं. सासूबाई म्हणे निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. ऐकायला कमी येतं म्हणून पत्रं लिहितात. ह्याने लग्नानंतर त्यांना मोठ्या प्रेमाने पहिलं पत्र लिहिलं, तर ते लाल शाईने तपासून परत आलं. खाली शेरा होता, 'भावना चांगल्या, अक्षर गिचमिड.' तेव्हापासून तो त्यांच्यासमोर जपून बोलतो. म्हणाला, "मॅम, त्या वाईट नाहीत. पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझी चड्डी आखूड झाल्यासारखी वाटते."

मी खूप हसले. घरी येताना रिक्षात हसू थांबलं.

मनूला माझा आशीर्वाद कळव. तुझी लेक हल्ली कोणत्या गावी असते गं? तिचं लग्न नोंदणीचं झालं, मला हिशेब तपासणीमुळे येता आलं नाही, त्यामुळे जावई बघायचा राहिला तो राहिलाच. तुझी दोन पत्रं आली, मनूचं नावही त्यांत नाही.

छबू

२ ऑगस्ट

छबे,

तुझ्या पत्रात एकही चूक नव्हती. तेव्हाच समजलं की तू चिडली आहेस.

हो. तो माझा जावई आहे. मनू आणि तो गेल्या हिवाळ्यापासून तुझ्याच गावात आहेत. मनूला मीच सांगितलं, इतक्यात मावशीकडे जाऊ नको, ती विचारेल.

आणि तू जी गोष्ट लपवलीस ती मी लिहिते. नोकरी सोडली नाही, त्याला काढलं. हेच ना? मला तेव्हाच कळलं होतं. मी त्याच्या कारखान्याच्या पत्त्यावर एक पाकीट पाठवलं होतं, ते 'सदर इसम येथे कामास नाही' असा शेरा मारून परत आलं. माझं पत्र, आणि दुसऱ्याचा शेरा! मनूला तर माझ्याही आधी कळलं, त्याच्या सोबत्याच्या बायकोकडून; हे मला मागाहून समजलं. तेव्हा तिने मला सांगितलं नाही, मी तिला सांगितलं नाही, आणि तो आम्हा दोघींना स्वतःचं काहीतरी करायचं आहे म्हणून डोंगराची चित्रं दाखवत होता. ती दोघं माझ्याकडे आली की आम्ही तिघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत जेवायला बसत होतो, आणि मीठ कमी आहे का, एवढंच बोलत होतो.

मी विचारलं असतं तर तो माझ्यासमोर उभा राहून धडा म्हटल्यासारखा बोलला असता. मनू रडली असती. तू कुणालाही काहीही विचारतेस, आणि तुझं माणूस मनावर घेत नाही. म्हणून तुला पाठवलं.

चड्डीचं वाक्य मी दोनदा वाचलं. मग लाल पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं. ह्या पत्रासोबत तुझं पत्र परत येणार नाही.

आता पुढे काय करू ते सांग. मी आयुष्यात हे वाक्य फार कमी वेळा लिहिलं आहे.

अक्का

२० ऑगस्ट

ती. अक्कास,

चिडले होते. अजून आहे. तू मला 'जा, पुढे जा, बढती माग' म्हणत होतीस, आणि मला वाटत होतं जगात एका माणसाला तरी माझ्या टेबलाची काळजी आहे. निघालं काय, तर मी तुझ्या जावयाचं फुकटचं गिऱ्हाईक आणि तुझी फुकटची हेर. दोन्ही कामं मला बिनपगारी दिलीस. सरकारसुद्धा असं करत नाही. करतं, पण कार्यालयीन आदेश काढून करतं.

असो. आता जे झालं ते ऐक.

साहेबांचं नाटक करताना मला एक कळलं होतं. समोरच्याला बस न म्हणणं फार सोपं असतं; त्यात पदाचा काही संबंध नाही, नुसतं मान खाली घालायची. म्हणून गेल्या सोमवारी मी साहेबांच्या खोलीत गेले आणि न सांगता बसले.

साहेबांनी मान वर केली. "बसलात?"

"हो."

"काय काम?"

"बाजार विभाग मला पाहिजे."

"अहो, त्या जागेचा विचार आपण..." असं म्हणून त्यांनी दाराबाहेर, टायवाल्याकडे बघितलं.

"ते परीक्षेत दोनदा नापास आहेत साहेब. निकाल मीच टाइप केलाय."

"बाईमाणूस तुम्ही. बाजारात उन्हातान्हात फिरायचं, हमाल शिव्या देतात, व्यापारी अंगावर येतात."

"इथे मला कोण ओवाळतंय?"

साहेबांनी फोन उचलला, पण तो वाजलाच नव्हता. "बघू" म्हणाले. मी म्हटलं, "बघा, मी बसलेय." आणि खरंच बसून राहिले. त्यांचा चहा आला, थंड झाला. शेवटी त्यांनी भाच्याला आत बोलावलं. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. तर टायवाला काय म्हणाला? "मामा, मला नको ती जागा. मागच्या निरीक्षकाला बाजारवाल्यांनी काट्यावर उभं करून त्याचंच वजन केलं होतं. द्या ना बाईंना!"

झालं. जी जागा मागायला मी केस पिकेपर्यंत घाबरले ती कुणालाच नको होती. ऑर्डर हातात आहे. आनंद मानावा की कपाळ बडवून घ्यावं, ठरलेलं नाही. ह्यांनी मात्र आनंद मानला. मला टोपी आणून दिली.

मग गेले तुझ्या जावयाकडे. त्याला वाटलं, आपलं मार्गदर्शन फळलं. लगेच फळ्यावर लिहायला लागला, 'यशोगाथा क्रमांक एक'. मी म्हटलं, "पेन ठेवा. मी मनूची मावशी."

पांढरा पडला. फळ्यापेक्षा.

"सासूबाईंना कळलं?"

"त्यांना केव्हाच कळलंय. नोकरीचंही."

"मनूला?"

"तिला सगळ्यांत आधी."

त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मग मी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन इथे का येतो?"

प्रश्नांची उत्तरं द्यायला कोच तो होता. मी आपली इकडचं तिकडचं बोलत राहिले. आमच्याकडे काटे दुरुस्त करायचा परवाना असलेली दोनच माणसं उरली आहेत. एकाला नीट दिसत नाही, आणि दुसरा कुणाला दिसत नाही. व्यापारी आमच्या नावाने खडे फोडतात. तर हा मध्येच विचारतो, "काटा बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं? भार पेलणारी पट्टी वाकते की वरची चौकट घासते?" आणि फळा पुसून, डोंगर पुसून, तिथे काट्याचं पोट काढायला लागला. अर्धा तास बोलला, अक्का. एकदाही 'मॅम' म्हणाला नाही, एकदाही हसला नाही. तेव्हा मी त्याला परवान्याचा अर्ज कुठे मिळतो ते सांगितलं.

तू काही करू नको. काय करू म्हणून विचारलंस ना? हेच कर.

छबू

११ नोव्हेंबर

चि. छबूस,

आशीर्वाद. तुझ्या सल्ल्याप्रमाणे मी काही केलं नाही. फार अवघड गेलं.

मनूचं पत्र आलं. जावयाला परवाना मिळाला. प्लॅस्टिकचं झाड शिंप्याला देऊन टाकलं, आता खोलीत काट्यांची हाडं पसरलेली असतात म्हणे. पहिलं मोठं काम धान्यबाजारातल्या एका व्यापाऱ्याचं, पोती मोजायचा काटा. दुरुस्त करून झालाय. पडताळणीला येणार तुझ्यासमोर.

छबू, घरचा माणूस आहे. पहिलंच काम आहे. एकदा पडला आहे, त्यातून आता कुठे उठतोय. सगळ्या बाजारासमोर त्याची मान खाली जाऊ नये. जरा सांभाळून घे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही.

अक्का

२३ नोव्हेंबर

ती. अक्कास,

नमस्कार. तू कधी काही मागितलं नाहीस हे खरं आहे. तू नेहमी हुकूम केलास. हे पहिलंच मागणं, आणि तेच मला देता आलं नाही.

काटा मी नापास केला.

ऐकून घे. व्यापारी मोठा गोडबोल्या. खुर्ची दिली, वर पंखा लावला, थंड काहीतरी मागवलं. जावई इस्त्रीचा शर्ट घालून उभा, ह्या वेळी पाठीलाही इस्त्री. आपल्या मनूने केली असणार. मी खात्याची लोखंडी वजनं काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितली. तीन कोपरे प्रामाणिक. चौथ्यावर माल कमी दाखवत होता. थोडासाच. पण शेतातून पोतं घेऊन येणारा माणूस ते कोणत्या कोपऱ्यावर टाकेल हे त्याला कुठे ठाऊक असतं?

व्यापारी हळूच म्हणाला, "बाई, हे तुमचे जावई ना?"

"हो. म्हणून तर दोनदा मोजलं."

मी काट्यावर नामंजूर असं लिहिलं. हमालांनी काम थांबवलं, आजूबाजूचे दुकानदार गोळा झाले. जावई लाल झाला. माझ्या जवळ येऊन दातओठ खात म्हणाला, "मावशी, निदान आत बोलावून सांगायचं होतं!"

पहिल्यांदाच मावशी म्हणाला, आणि असं म्हणाला.

म्हटलं, "काटा बाहेर ठेवलेला असतो, तर निकालही बाहेरच."

"काय चुकलंय ते तरी सांगा."

"चुकलंय एवढं सांगणं माझं काम. काय चुकलंय ते शोधणं तुमचं."

काटा टेम्पोत चढवून निघून गेला. मागे वळून बघितलं नाही. मी पुढच्या दुकानात गेले, तिथल्याने आपणहून खालचा जुना काटा काढून दिला, म्हणाला, "हा जमा करून घ्या, हा जरा तसाच आहे." त्याच्या पुढच्यानेही. स्वतःच्या जावयाला सोडत नाही ती बाई आपल्याला काय सोडणार, ही बातमी माझ्यापुढे धावत होती. त्या दिवशी मला कुणी थंड विचारलं नाही.

घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही. तुझा राग येणारच. लिही.

छबू

६ डिसेंबर

चि. छबूस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुला लिहायला बसले होते. चार ओळींत तुझी सात जन्मांची उजळणी केली होती. पण तेवढ्यात मनूचं पत्र आलं, आणि माझं मी फाडून टाकलं.

ती लिहिते, त्या दिवशी तो काटा घेऊन घरीच आला. चौघांनी धरून तो पुढच्या खोलीत आणला, आता पाहुणा आला तर बसायला जागा नाही. आल्यापासून तुझ्या नावाने शंख करत होता. सरकारी नोकर म्हणजे काय, नियमांचे किडे म्हणजे काय, नातं नाही की गोतं नाही. एकीकडे बोलतोय आणि एकीकडे स्क्रू काढतोय. तिने भीत भीत विचारलं, "फार वाईट वाटलं का?" तर म्हणाला, "वाईट काय वाटायचंय? बाई बरोबर आहे, तेच तर डोक्यात गेलंय!" मग त्या दिवसाचं सगळं सांगितलं, आणि त्याच ओघात कारखान्यातून काढलं त्या दिवसाचंही. साहेब काय म्हणाला, हा काय बोलला, बसथांब्यावर किती वेळ बसून राहिला. तिला माहीत आहे हे तू त्याला सांगितलंच होतंस, तरी तिने तसं दाखवलं नाही. पहिल्यांदाच ऐकतेय अशी बसून ऐकत राहिली.

काटा परत तुझ्यासमोर येईल. पुन्हा चुकला तर पुन्हा नापास कर. मी मध्ये पडणार नाही.

मनूच्या पत्राची शेवटची ओळ तशीच उतरवून देते: 'आई, तो मावशीला इतक्या शिव्या घालत होता की मी खिडक्या लावून घेतल्या. पण किती महिन्यांनी तो माझ्याशी बोलत होता.'

तुझी,
अक्का